चंदनाचे आणि काळविटाचे व्याही

माझ्या मुलीचे सासरे, म्हणजे माझे व्याही, यांनी स्वतःची तब्येत सोडली तर या जगातल्या प्रत्येक जिवाची चौकशी केलेली होती. मी वाढवून सांगत नाही. मुंगी दिसो, कुसळी गवत दिसो, विहिरीच्या कपारीतलं पाखरू दिसो, त्याचं नाव काय, कूळ काय, भाऊबंद कोण आणि असे आता किती उरले, एवढं कळल्याशिवाय हा माणूस पुढचं पाऊल टाकत नसे. डांबरी रस्त्याला एसटी सोडली की माझी वस्ती चालत अर्ध्या तासावर आहे. व्याह्यांना दोन तास लागत. ते येणार असा निरोप आला की मी भात टाकायची घाई करत नसे. एसटीचा आवाज ऐकायचा, जनावरांचं वैरणपाणी उरकायचं, धुणं वाळत घालायचं आणि मग चूल पेटवायची. तरी दारात आल्यावर पहिलं बोलणं हे, की "इहीनबाई, वाटंत लई येळ न्हाई ग्येला, दोनच घोरपडी भेटल्या."

अंगानं वाळलेले, मान पुढं काढलेली, डोळे सतत पायाखाली किंवा झाडाच्या शेंड्यावर; समोरच्या माणसाकडे त्यांचं लक्ष चुकून जायचं. जंगल खात्यात आधी खड्डे खणायला होते, मग गार्ड झाले, आणि उभी नोकरी रेहेकुरीच्या माळावर काळविटं राखण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा खात्यानं शिट्टी परत घेतली, टोपी राहिली. ती खाकी टोपी आंघोळीला आणि वंदनेला बसताना तेवढी उतरायची. शिक्षण माझ्याएवढंच, चौथी. पण नोकरीत असताना पुण्याची एक बाई काळविटांचा अभ्यास करायला दोन वर्षं माळावर येऊन राहिली होती. दुर्बीण तिची, पाण्याची कळशी व्याह्यांची. ती बाई जे जे बोलली ते या माणसानं ऐकून पाठ केलं. त्यात झाडांची आणि जनावरांची ती परदेशी नावंही आली. सांतालम आल्बम. अँटिलोप सर्व्हिकाप्रा. चालता चालता ती पुटपुटायचे. माझ्या लेकीला लग्नानंतरचा पहिला महिना वाटत होतं की सासऱ्यांनी कुणा बुवाकडून मंत्र घेतलाय. मी एकदा विचारलं, असल्या नावांचा उपयोग काय? तर म्हणाले, या नावानं विचारलं की अमेरिकेतल्या माणसालाही कळतं आपण कोणत्या झाडाचं बोलतोय. म्हटलं, त्याला माझ्या बांधावरचं झाड कळून तो काय पाणी घालायला येणार आहे? त्यावर ते बराच वेळ विचार करत बसले. आपण टोमणा मारावा आणि त्यांनी तो सवाल समजून सोडवायला घ्यावा, असा तो माणूस.

बांधावरच्या झाडाचं आता सांगायलाच हवं, कारण माझ्या लेकीचं लग्न त्या झाडानं जमवलं. ही सगळी मंडळी मुलगी बघायला आली होती. पोहे झाले, चहा झाला, व्याही हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेले ते परतलेच नाहीत. मी बघायला गेले तर हे बांधावर गुडघ्यावर बसलेले, आणि पाखरांनी टाकलेल्या बीपासून आपोआप आलेल्या एका झाडाची पानं उलटीपालटी करत होते. दोन पुरुष उंचीचं, मांडीएवढ्या खोडाचं झाड. मी त्याला रानटी समजून त्याच्यावर गोधड्या वाळत घालत असे. व्याही म्हणाले, "इहीनबाई, हे चंदन हाय." मुलगी अजून पसंतही केली नव्हती आणि मला विहीण करून मोकळे. मी पान चुरगाळून हुंगलं. वास नाही. फूल हुंगलं. नाही. मला वाटलं, हा माणूस मला येडी समजतोय. ते म्हणाले, वास पानात नसतो, फुलात नसतो, झाड म्हातारं झालं की त्याच्या पोटात धरतो. मग बोटानं माती उकरून त्यांनी मला एक मूळ दाखवलं. चंदनाचं मूळ शेजारच्या तुरीच्या मुळाला चिकटलेलं होतं, लहान लेकरू अंगाला चिकटतं तसं. हे झाड एकटं जगत नाही, शेजाऱ्याच्या मुळातून पाणी घेतं, मीठ घेतं, असं ते सांगत होते आणि मी ओंजळीत पान धरून उभी. पन्नाशी ओलांडलेली मी, जन्म शेतात गेला, आणि माझ्याच बांधाखाली रोज ही देवघेव चालते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी पसंत आहे का, असं माझ्या मुलानं विचारलं तेव्हा व्याही म्हणाले, "पोरगी चांगलीच हाय. झाडाचं बोला." त्यांनी मानपान काही मागितला नाही. झाड तोडायचं नाही, एवढा शब्द मागितला. मी दिला. झाडाचा शब्द द्यायला माझं काय जात होतं? तो शब्द पुढं माझ्या गळ्यात येणार होता हे तेव्हा कुणाला ठाऊक.

त्यांच्याबरोबर कुठं जायची सोय नव्हती. काष्टीच्या बाजाराला मी एकदा त्यांना घेऊन गेले, बैलांची चांगली पारख असेल म्हणून. व्यापारी बैलाचं तोंड उघडून दात दाखवत होता आणि व्याही त्याला सांगत होते की हा बैल, तुमची ती शेळी आणि आमचा माळावरचा काळवीट ही तिन्ही एकाच कुळातली, गाईच्या. काळवीट हरीण नव्हेच. हरणाची शिंगं गळतात आणि परत येतात, याची एकदा आली की मरेपर्यंत. व्यापारी म्हणाला, "मग ह्यो बैल कशाला घेता बाबा? काळविटालाच जुपा की औताला." आजूबाजूचे हसले. व्याही हसले नाहीत. औताला का जमणार नाही ते त्यांनी खुरापासून सुरुवात करून समजावलं, तोवर आमचा बैल दुसऱ्यानं नेला. लेकीच्या घरात एकदा भांड्यांच्या फळीवर साप निघाला. ती ओरडत बाहेर आली तर सासरे आत गेले आणि दाराला आतून कडी लावली. आम्ही सगळे बाहेर. आतून आवाज, "कुनी दार वाजवू नगा, खवलं मोजतोय."

पण सगळ्यात मला आठवते ती शिर्डीची माळ. गावातली माणसं जीप करून शिर्डीला निघाली होती, जागा होती म्हणून व्याही आणि मीही गेलो. सगळे रांगेत, हे बाजारात. एका दुकानात चंदनाच्या माळा टांगलेल्या. व्याह्यांचा चेहरा पडला. एवढ्या माळा म्हणजे किती झाडं, असा त्यांचा हिशेब. त्यांनी एक माळ हातात घेतली, नखानं कोरली, हुंगली, परत कोरली आणि दुकानदाराला म्हणाले, ही चंदनाची नाही. दुकानदार चिडला, शपथा घेऊ लागला. हे ऐकेनात. शेवटी तो कंटाळून हळूच म्हणाला, बाबा, साधं लाकूड आहे, अत्तर लावलंय, आता जावा. व्याह्यांनी त्या माणसाचे दोन्ही हात धरले. "खोटी हाय ना? लई बरं झालं. अशीच करत जावा." फसवणूक उघडी पडल्यावर गिऱ्हाइकानं आभार मानल्याचं त्या दुकानदारानं पहिल्यांदाच पाहिलं असेल. त्यातली एक माळ त्यांनी मला आणून दिली. ती अजून खुंटीला आहे. वास पंधरा दिवसांत उडाला.

त्यांच्या काखेत लांब आकाराची, तांबड्या कापडाच्या पुठ्ठ्याची वही असे. प्रत्येक जिवाला एक पान. पानावर ओळी आखलेल्या: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कूळ, प्रजाती, जात, आणि सगळ्यात खाली, हालत. हालत म्हणजे तो जीव जगात किती उरलाय, बरा आहे का संकटात. ती ओळ भरताना त्यांचा हात थांबायचा. मला त्या वहीचा आधी राग होता. आम्ही दोन्हीकडची बौद्ध झालेली माणसं. माझ्या सासऱ्यांनी धर्म घेतला त्या दिवशी गावाची मेलेली जनावरं ओढणं सोडलं आणि घाण वाहायची पाटी वेशीबाहेर नेऊन फोडली. या घरात कुणी परत घाणीची पाटी डोक्यावर घ्यायची नाही, असं ते मरताना सांगून गेले. अशा घरात बसून हा माणूस सकाळपासून याची जात काय, त्याचं कूळ काय, करत बसायचा. मी एकदा फटकारलं, की आमच्या बापजाद्यांनी जे मागं टाकलं ते तुम्ही झाडाझुडपांच्या गळ्यात कशाला बांधता? त्यांनी वही माझ्यापुढं उघडली. एका पानावर मुंगी, एका पानावर बिबट्या. "बघा. रकानं सारकंच हायेत का न्हाई? ह्यात वरचं-खालचं कुनी न्हाई, इहीनबाई. कोन किती उरलंय, तेवढंच बघायचं." मला गप्प करणारी माणसं आयुष्यात फार भेटली नाहीत.

तर आता त्या हरभऱ्याच्या वर्षाचं. पाऊस बरा झाला होता, माळाकडच्या तुकड्यात हरभरा गुडघ्याला लागला होता. तेवढ्यात एक काळवीट तिथं राहायला आला. राहायला म्हणजे खरंच राहायला. पाठ काळीभोर, पोट पांढरं, पीळ पडलेली शिंगं हातभर. रोज उजाडता चंदनाखाली यायचा, एकाच जागी लेंड्या टाकायचा, त्यांचा चांगला ढीग झाला होता, मग शिंगं घासून घासून चंदनाची साल सोलायचा. आणि त्याच्यामागं त्याच्या पिवळट माद्या यायच्या त्या माझ्या हरभऱ्यात उतरायच्या. पंधरा दिवसांत बांधाकडचे चार वाफे गेले आणि झाडाची एका बाजूची साल गेली. माझा मुलगा नागापूरला कारखान्यात आहे, महिन्यातून एकदा येतो. त्यानं बघितलं आणि म्हणाला, पुढच्या रविवारी मित्राची दोन शिकारी कुत्री घेऊन येतो. मला ते पटलं. हरभरा माझा होता. वर्षाची डाळ, वर्षाचं बेसन त्यातून निघायचं.

व्याह्यांना निरोप गेला नव्हता, पण ते आलेच. सोललेली साल बघितली, ढीग बघितला, कुत्र्यांचं ऐकलं आणि मटकन खाली बसले. म्हणाले, काळवीट कुत्र्याच्या दातानं मरत नाही, आधी भीतीनंच मरतो, पळता पळता काळीज फुटतं. मी म्हटलं, बरं, मग झाड काढू. झाड आहे म्हणून तो या बांधाला येतो. झाड गेलं तर तो दुसरीकडं जाईल. पण झाडाचा शब्द मी तुम्हाला दिलाय, तेव्हा तुम्हीच मला त्यातून मोकळं करा. माझ्या शेतात दोघांतला एकच राहील. कोणता, ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेले. रविवारपर्यंत वेळ आहे.

हे मी रागानं बोलले नाही. मला वाटलं, एवढी वही लिहिलीय, तर हे ठरवणं यांना सोपं जाईल. त्यांनाही तसंच वाटलं, हीच खरी गंमत. त्यांनी माझ्या ओसरीवर बैठक मारली, वहीचं कोरं पान काढलं, मधोमध रेघ मारली. डावीकडं चंदन, उजवीकडं काळवीट. मी डाळ निवडत समोर बसले. सृष्टी: एक वनस्पती, एक प्राणी. पहिल्याच ओळीत दोघं वेगळे झाले. वर्ग: चंदन द्विदल, म्हणजे तूर-हरभऱ्यासारखं, बी फुटलं की दोन डाळिंब्या. काळवीट सस्तन, म्हणजे पिलाला पाजणारा. त्यात गाय आली, वटवाघूळ आलं, मीही आले. मला वटवाघळाशेजारी बसवलं म्हणून मी डोळे वटारले, तर म्हणाले, "देवमासाबी हाय त्यात, तिकडं बसा." गण, कूळ, प्रजाती, सगळं भरत गेले. दोघांचं कुठं काही जुळेना. एक जागचा हलत नाही, एक उडी मारतो तर वाऱ्यावर लिहिल्यासारखी. एक मुळाखालून शेजाऱ्याचं घेतं, एक उघड्यावर येऊन खातो. मी निवडायची डाळ तशीच ठेवून ऐकत होते. जगातली माणसं मोजतात हे मला माहीत होतं. कुणीतरी कुठंतरी बसून जगातली झाडं आणि जनावरं घरं आखून मांडून ठेवली आहेत, आणि त्या एवढ्या मोठ्या मांडणीत माझ्या बांधाचीही जागा आहे, हे ऐकून मला आपलं घर एकदम मोठं वाटायला लागलं.

शेवटची ओळ, हालत. काळविटाची त्यांना पाठ होती. पुण्याच्या बाईनंच सांगितलेलं, की जगाची एक तांबडी यादी असते, तिच्यात काळविटाचं नाव आहे, हालत: धोक्यात. चंदनाची ओळ कोरी होती. त्या यादीत चंदन आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. हे सगळं कळायच्या आधीच, आठवड्यापूर्वी, त्यांनी बाईला पत्र टाकून विचारलं होतं, आणि झाड माझ्या बांधावरचं म्हणून उत्तर माझ्या पत्त्यावर मागवलं होतं. दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ज्याची नोंद हाय त्यानं ऱ्हायचं." म्हणजे झाडानं जायचं. चंदन घरचं असलं तरी तोडायला खात्याची परवानगी लागते. त्यांनी अर्ज लिहिला, माझा अंगठा नको म्हणाले, सही घेतली, आणि दहाच्या एसटीनं कर्जतला द्यायला निघाले. एसटी चुकली. दुसऱ्या दिवशीही चुकली. एसटी दहाला येते आणि हा माणूस सातला घरातून निघतो, तरी चुकते. तिसऱ्या दिवशी मी पाठीमागून जाऊन बघितलं. रस्त्याच्या कडेला उभे होते. एसटी आली, थांबली, कंडक्टरनं विचारलंही. यांनी टोपीला हात लावून तिला सलाम केला आणि ती गेली.

मी तशीच मागं फिरले. दुपारी पोस्टमन आला. बाईचं पत्र. व्याह्यांनी उभ्यानं वाचायला घेतलं आणि वाचता वाचता बसले. मग वही उघडली आणि ती कोरी ओळ भरली. "इहीनबाई, रकाना भरला." मी चष्मा लावून बघितलं. डावीकडं, धोक्यात. उजवीकडं, धोक्यात. एकच शब्द. पहिल्या ओळीत वेगळे झालेले ते दोघं एवढ्या सगळ्या ओळी ओलांडून शेवटच्या ओळीत येऊन भेटले होते. व्याह्यांनी वही मिटली. इतकी वर्षं ज्या वहीनं त्यांना सगळं सांगितलं तिनं आज काही सांगितलं नाही, आणि रविवार दोन दिवसांवर आला होता.

त्या दुपारी ते जेवले नाहीत. चंदनाखाली त्या लेंड्यांच्या ढिगापाशी जाऊन बसले, संध्याकाळपर्यंत बसले. आले ते एकदम पाटी मागत आले. म्हणाले, काळवीट झाडासाठी येत नाही, ढिगासाठी येतो. जिथं त्याचा ढीग तिथं त्याचं घर, माद्यांना तो ढीगच दाखवायचा असतो. झाड आपलं जवळ आहे म्हणून घासतो. आपण ढीग हलवू. एकदम हलवला तर त्याला कळणार नाही, रोज दहा पावलं हलवू, माळाकडं. जाईल तिथं घासायला बाभळीची वाळकी फांदी रोवू. मी म्हटलं, आणि कुत्री? ते म्हणाले, "मला एक आटवडा द्या. न्हाई जमलं तर झाड मी माज्या हातानं काढीन." मी पाटी दिली. मुलाला निरोप पाठवला, आठ दिवसांनी ये.

दुसऱ्या दिवशी उजाडता काळवीट येऊन गेला आणि खाकी टोपीवर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत लेंड्या, असे माझे व्याही बांधावरून निघाले. मोजून दहा पावलं. ढीग ओतला, हातानं नीट केला, फांदी रोवली. हे गावानं बघितलं नसतं तर ते गाव कसलं? दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला चार माणसं उभी. तिसऱ्या दिवशी दहा. त्यातल्या एकानं, पाटलांच्या घरातल्या, मोठ्यानं म्हटलं, "काय ओ गार्ड, तुमच्यांनी टाकलेली पाटी परत उचलली म्हनायची." बाकीचे हसले. मला ते सुरीसारखं लागलं. मी घरातून बाहेर आले, पाटी हिसकावून घ्यायला. माझ्या सासऱ्यांनी जे फोडलं ते माझ्याच बांधावर, माझ्याच व्याह्यांच्या डोक्यावर, आणि ते बघायला ही माणसं. व्याह्यांनी पाटी खाली ठेवली नाही. पाटी डोक्यावर असताना जेवढी मान वळते तेवढी वळवली आणि म्हणाले, "ती लादलेली हुती, दादा. ही मी हौसेनं उचललीय. तुमी बाजूला व्हा, माजी पावलं चुकत्यात." आणि सहा, सात, आठ मोजत पुढं गेले. माणसं बाजूला झाली. ती का बाजूला झाली हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पाचव्या दिवशी काळवीट आला, चंदनापाशी थांबला, जमीन हुंगली आणि पुढं चालत गेला. चाळीस पावलांवर त्याचा ढीग होता, तिथं उभा राहिला. मी आणि व्याही गवताच्या गंजीआड बसलो होतो. उजेड त्याच्या शिंगांच्या पिळात अडकला होता. त्यानं मान वर केली, बाभळीच्या वाळक्या फांदीला डोळ्याखालचा कोपरा असा हळू घासला, की जणू फांदीला दुखेल. व्याही ओठातल्या ओठात त्याचं ते लांबलचक नाव घेत होते. मीही घेतलं. मला अर्धंच आलं.

सहाव्या दिवशी व्याह्यांना ताप भरला. उठायला गेले आणि भिंतीला टेकले. एक दिवस खंड पडला तर काळवीट परत झाडापाशी जाईल, एवढंच पुन्हा पुन्हा बोलत होते. मी त्यांना पडून राहायला सांगितलं. पाटी अंगणात होती. मी सासऱ्यांचा विचार केला. फार वेळ केला नाही, कारण उजाडत आलं होतं. पदर खोचला, चुंबळ केली, ढिगापाशी गेले, भरली आणि डोक्यावर घेतली. रस्त्याकडेला त्या दिवशी कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी थांबले नसते. लेंड्यांना वास येत नाही. वाळलेल्या गवताचा येतो तेवढाच.

रविवारी मुलगा कुत्री न आणता आला. हरभऱ्याचे सहा वाफे गेले, बाकीचा घरात आला. चंदनाच्या सोललेल्या जागेवर व्याह्यांनी शेण-माती लिंपली. दोन पावसाळ्यांत कडेनं साल भरून आली, मधे हाताएवढी खूण राहिली.

आता ते नाहीत. महिनाभर छातीत दुखत होतं म्हणे, कुणाला बोलले नाहीत. लेक म्हणाली, शेवटच्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर नाडी बघत होता आणि हे खिडकीबाहेरचं झाड कोणत्या कुळातलं ते त्याला विचारत होते. त्याला सांगता आलं नाही. वही लेकीनं मला आणून दिली, कारण तिच्या घरात ती वाचणारं कुणी नाही. मी चष्मा लावून ते मधोमध रेघ मारलेलं पान काढलं. हालतीच्या ओळीखाली त्यांनी बारीक अक्षरात रोजचं लिहून ठेवलं होतं. पहिला दिवस, दहा पावलं. दुसरा दिवस, दहा पावलं. तिसऱ्या दिवशीही दहाच, त्या माणसांचं काही लिहिलेलं नाही. सहाव्या दिवशी लिहिलंय: आज पाटी इहीनबाईंनी नेली, दहा पावलं. मी वही मिटून फळीवर ठेवली.

तो जुना काळवीट आता दिसत नाही. यंदा एक नवा नर आला आहे. पाठ अजून पुरती काळी झालेली नाही, शिंगांना दोनच पीळ. त्याला माळ एवढा मोठा पडलाय, पण त्यानं ढीग घातला तो नेमका चंदनाखाली. मुलाचा निरोप आला, कुत्री आणू का? मी नको म्हणून कळवलं. पाटी खुंटीवरून काढली, तिच्याखाली ती शिर्डीची खोटी माळ होती, ती परत नीट टांगली. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, दहा पावलं होत नाहीत. आज पाच झाली.